बीजसंग्राहक निकोलाय वाव्हिलोव्ह

१८९१ साली रशियातील व्होल्गा नदीच्या खोऱ्यात अवर्षणाने पिके करपून गेली आणि धान्याचे कोठार म्हणून नावाजलेल्या त्या प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. दुष्काळापाठोपाठ पटकीची साथ आली. लाखो माणसे दगावली. त्या वेळी मॉस्को शहरात एका सुखवस्तू कापडव्यापाऱ्याच्या घरी तीन-चार वर्षांचा एक मुलगा खेळत बागडत होता. घरी कशाचीच ददात नव्हती. परंतु याच मुलाने पुढे आपले सारे आयुष्य अवर्षणात, थंडीत, रोगराईत टिकून राहतील अशा पिकांच्या शोधात वेचले, पाच खंडांतून बियाणे गोळा केले, आणि अखेर व्होल्गेच्याच तीरावरील एका तुरुंगात उपासमारीने त्याचा अंत झाला. निकोलाय इव्हानोविच वाव्हिलोव्ह हे त्याचे नाव.

वाव्हिलोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी झाला. वडील मूळचे खेड्यातील शेतकरी कुटुंबातले. लहानपणीच मॉस्कोला येऊन स्वतःच्या हिमतीवर ते पुढे आले होते. मुलांनी आपला व्यापार सांभाळावा अशी त्यांची इच्छा होती व म्हणून त्यांनी मुलांना व्यापारी शाळेत घातले. पण दोघाही मुलगे विज्ञानाकडे वळले. धाकटे सर्गेई पदार्थविज्ञानात नामवंत झाले. थोरल्या निकोलायने १९०६ साली मॉस्कोच्या कृषिसंस्थेत प्रवेश घेतला. तेथे त्यांनी लिहिलेला पहिला प्रबंध पिकांची नासाडी करणाऱ्या बिनशंखाच्या गोगलगायींवर होता. विषय काही भव्यदिव्य नव्हता; परंतु शेतकऱ्याच्या बांधावरचा होता.

त्या काळी आनुवंशशास्त्र नुकतेच बाळसे धरू लागले होते. मेंडेल यांनी वाटाण्यावर केलेले प्रयोग चौतीस-पस्तीस वर्षे विस्मृतीत पडून १९०० साली पुन्हा उजेडात आले होते. आईबापांचे गुण संततीत ठराविक प्रमाणात उतरतात, एका पिढीत लपलेला गुण पुढच्या पिढीत पुन्हा प्रकटतो, हे त्यांवरून कळून चुकले होते. १९१३ साली वाव्हिलोव्ह इंग्लंडला गेले आणि या शास्त्राचे अध्वर्यू विल्यम बेटसन यांच्यापाशी राहून त्यांनी अभ्यास केला. गव्हाच्या काही जातींना तांबेरा का लागत नाही, हा त्यांचा त्या वेळचा प्रश्न होता. रोगाशी झगडण्याची शक्ती बियाण्यातच असते व ती संकराने दुसऱ्या वाणात आणता येते, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली. रोगाला जे लागू तेच अवर्षणालाही लागू असले पाहिजे.

१९१६ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, त्यांना इराणच्या उत्तर भागात पाठविण्यात आले. तेथील रशियन सैनिक स्थानिक पिठाची भाकरी खाऊन आजारी पडत होते. पिठात एका तणाचे, बुरशी लागून विषारी झालेले दाणे मिसळले जात आहेत, हे वाव्हिलोव्हनी शोधून काढले. काम आटोपल्यावर ते परत फिरले नाहीत. पामीरच्या पहाडात शिरले. जगाच्या त्या उंच ओसाड टोकाला लोक काय पेरतात हे त्यांना पाहावयाचे होते. तेथे त्यांना गहू आणि राय यांचे असे विलक्षण प्रकार आढळले की, त्यांची पुढची पंचवीस वर्षे त्या प्रवासाने ठरून गेली असे म्हणावयास हरकत नाही. (राय म्हणजे आपली मोहरी नव्हे, गव्हाच्या गणगोतातले, थंड प्रदेशात पिकणारे ते एक धान्य आहे.)

१९१७ साली ते व्होल्गेकाठच्या साराटोव्ह शहरी प्राध्यापक झाले. भोवती कोरडा, वाऱ्याने भाजून निघणारा गवताळ मुलूख. देशात क्रांती आणि यादवी युद्ध. अशा धामधुमीत १९२० सालच्या जून महिन्यात तेथे पीकसंवर्धकांची परिषद भरली आणि तीत त्यांनी आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. परस्परांच्या नात्यातील वनस्पतींत गुणांची विविधता समांतर रीतीने आढळते, हे त्याचे सार. गव्हाच्या पानाच्या बुडाशी जो पातळ पापुद्रा असतो तो नसलेले गहू आढळतात, तर तसली राय देखील जगात कोठेतरी असलीच पाहिजे. आणि तशी राय त्यांना पामीरमध्ये सापडलीही होती. मूलद्रव्यांच्या कोष्टकातील रिकाम्या घरांवरून मेंडेलेयेव्ह यांनी अज्ञात मूलद्रव्यांचे भाकीत केले, त्याच जातीचा हा विचार होता. सभागृहातील मंडळींच्या मनातही तीच तुलना आली. संवर्धकाच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा होता. एखादा गुण आज हाती नसला तरी तो नाहीच असे समजून स्वस्थ बसावयाचे कारण नव्हते. कोठे शोधावा एवढाच प्रश्न उरत होता.

त्या शोधाची निकड लवकरच भयंकर रीतीने प्रत्ययास आली. १९२१ साली व्होल्गा खोऱ्यात पुन्हा अवर्षण पडले. यादवी युद्धाने शेती मोडली होती आणि सरकारने शेतकऱ्यांची कोठारे सक्तीने रिकामी केली होती; त्यांत पाऊस गेला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून सुमारे ५० लाख माणसे मृत्युमुखी पडली. वाव्हिलोव्ह त्याच वर्षी पेट्रोग्राडला, म्हणजे पुढच्या लेनिनग्राडला, उपयोजित वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून गेले, आणि तेथून बियाणे मिळविण्याकरिता अमेरिकेस जाऊन आले. सेंट आयझॅक चौकातील इमारतींत त्यांनी पुढे जी संस्था उभारली, ती काही वर्षांतच जगातील सर्वांत मोठे बीजभांडार होऊन बसली.

अवर्षणाशी झगडणारे पीक तयार करणे म्हणजे काय, हे समजून घेण्यास आपल्या ओळखीचे भातच घेऊ. लावणीच्या भाताला खाचरात साचलेले पाणी मिळते, म्हणून त्याची मुळे वरच्या वीतभर मातीतच पसरतात. पाणी आटले की ती उघडी पडल्यासारखी होतात. त्यातून हस्ताचा पाऊस हुकला आणि भात निसवण्याच्या वेळी ओल तुटली, तर लोंबी पानाच्या आवरणातून नीट बाहेर पडत नाही, फुलोरा वांझ राहतो आणि शेत हिरवे दिसत असूनही दाणे पोचट निघतात. याउलट डोंगरउतारावर केवळ पावसाच्या भरवशावर पेरले जाणारे भात पाहा. त्याचा दाणा जाड, उतारा कमी. पण त्याची मुळे खोल जातात. काही हळवी वाणे ओल संपण्यापूर्वीच पिकून मोकळी होतात. काही वाणे कोमेजतात, पण मरत नाहीत; पुन्हा सर आली की मान वर काढतात. संवर्धकाने करावयाचे ते एवढेच, की खाचराच्या भाताचा उतारा आणि डोंगरी भाताची मुळे एका रोपात आणावयाची. एवढेच म्हटले खरे, पण संकर केल्यावर आठ-दहा पिढ्या निवड करीत बसावे लागते, आणि मुळात डोंगरी भाताचे बी आपल्या हाती असावे लागते. ते बी कोणत्याही प्रयोगशाळेत शून्यातून निर्माण होत नाही.

वाव्हिलोव्ह यांच्या संस्थेत निकोलाय माक्सिमोव्ह हे शास्त्रज्ञ याच प्रश्नामागे लागले होते. कोरड्या हवेत तगणारी झाडे पाणी कमी खर्च करतात म्हणून तगतात, असा त्या वेळचा समज होता. माक्सिमोव्हनी प्रत्यक्ष मोजमाप करून दाखविले की, पाणी मिळते तोवर यांपैकी कित्येक झाडे इतरांइतकेच, किंबहुना अधिकच पाणी उडवितात. त्यांचे खरे बळ कोमेजणे सोसण्यात असते. दुसरीकडे वाव्हिलोव्हनी १९२३ ते १९२७ या काळात एकाच वाणांचे बी देशातील शंभराहून अधिक ठिकाणी पेरून पाहिले. उत्तरेच्या बर्फाळ सीमेपासून दक्षिणेच्या वाळवंटापर्यंत एकच वाण कसे निरनिराळे वागते, त्यातील काय मातीचे व काय बीजाचे, हे त्यांना वेगळे करावयाचे होते.

पण त्यांचे नाव जगभर गाजले ते त्यांच्या प्रवासांमुळे. १९२४ साली ते अफगाणिस्तानात गेले. घोड्यांवरून सुमारे पाच हजार किलोमीटरांची मजल त्यांच्या तांड्याने मारली, हिंदुकुशाच्या खिंडी ओलांडल्या, नूरिस्तानच्या दुर्गम दऱ्या पार केल्या. मुक्कामाला बाजार लागला की ते आधी धान्याच्या दुकानात शिरत, मूठमूठ दाणे घेऊन पुड्या बांधीत, त्यांवर गाव व उंची लिहीत. असे सुमारे सात हजार नमुने त्यांनी आणले. या प्रवासात त्यांनी पाहिलेली एक गोष्ट मला फार मनोवेधक वाटते. खालच्या खोऱ्यांतील गव्हाच्या शेतात राय हे तण म्हणून उगवते. तेथील शेतकऱ्यांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थच गव्हाला छळणारी असा आहे. पण जसजसे डोंगर चढावे तसतसा गहू थंडीने खंगत जातो आणि ते तण बळावत जाते. शेवटी एका उंचीवर गहू नाहीसा होतो आणि शेतकरी निमूटपणे तणच पेरू लागतो. राय हे धान्य अशा रीतीने माणसाच्या हाती आले. पुस्तकांच्या दालनात बसून हे कोणाला उमगले नसते.

पुढे भूमध्य समुद्राभोवतालचे देश झाले. १९२७ साली ते अबिसीनियात गेले. तेथे रास तफारी यांनी, म्हणजे पुढे सम्राट हैले सेलासी झालेल्या राज्यकर्त्याने, त्यांची भेट घेतली. मग चीनचा पश्चिम भाग, जपान, कोरिया. मग मेक्सिको, पेरू, बोलिव्हिया. दिवसाकाठी चार-पाच तासांच्या झोपेवर त्यांचे भागत असे, आणि सोबतच्या मंडळींची त्यामुळे त्रेधा उडे. या भ्रमंतीतून त्यांचा दुसरा मोठा विचार आकारास आला. एखाद्या पिकाची सर्वाधिक विविधता ज्या प्रदेशात आढळते, तोच बहुधा त्याच्या जन्माचा प्रदेश होय. असे प्रदेश त्यांनी नकाशावर दाखविले, आणि त्यांतील एक हिंदुस्थान. भात, आंबा, वांगे यांचे माहेर त्यांनी येथे मानले. आजच्या संशोधनाने भाताची आद्य लागवड चीनच्या यांगत्से खोऱ्यात नेली आहे. तथापि भातातील विविधतेचे एक प्रमुख आगर म्हणून आपल्या देशाचे स्थान कायम आहे. त्यांचे सहकारी मार्कोविच १९२६ साली इकडे बियाणे गोळा करण्यास आले होते. स्वतः वाव्हिलोव्हना मात्र हिंदुस्थान पाहणे घडले नाही.

१९२९ साली ते लेनिन कृषिविज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. कीर्ती शिखरावर होती. पण देशाचे वारे फिरले होते. शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीने एकत्र करण्यात आल्या, धान्य ओरबाडून नेण्यात आले, आणि १९३२-३३ साली युक्रेन, कझाकस्तान व व्होल्गा खोरे यांत पुन्हा लाखो माणसे उपासमारीने मेली. राज्यकर्त्यांना नवी वाणे हवी होती, आणि तीही ताबडतोब. १९३१ सालीच फर्मान निघाले होते की, जे काम दहा-बारा वर्षांचे ते चार-पाच वर्षांत झाले पाहिजे. निसर्ग फर्माने वाचत नाही, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

अशा वेळी ट्रोफिम लिसेन्को पुढे आले. बी भिजवून थंडीत ठेवले तर हिवाळी गहू वसंतात पेरता येतो, ही त्यांची रीत. तीत काही तथ्य होते, आणि वाव्हिलोव्हनी आरंभी त्यांना उत्तेजनही दिले, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. पण लिसेन्को तेथे थांबले नाहीत. रोपाला ज्या परिस्थितीत वाढवावे तसे त्याचे बीज बदलते, आनुवंशशास्त्र हे परक्यांचे थोतांड आहे, आणि आपण दोनअडीच वर्षांत नवे वाण देतो, असे ते म्हणू लागले. हे खरे असते तर डोंगरदऱ्या धुंडाळण्याचे काही कारणच नव्हते. एकीकडे दहा वर्षे वाट पाहा म्हणणारा शास्त्रज्ञ, दुसरीकडे उद्याच पीक देतो म्हणणारा; स्टॅलिन यांनी कोणाची पाठ थोपटली हे सांगावयास नको. १९३८ साली अकादमीचे अध्यक्षपद लिसेन्कोंकडे गेले. १९३९ साली एडिंबरोच्या आंतरराष्ट्रीय आनुवंशशास्त्र परिषदेने वाव्हिलोव्ह यांना अध्यक्ष निवडले, पण त्यांना देशाबाहेर जाऊ देण्यात आले नाही. आपले मत सोडले असते तर कदाचित ते वाचते. त्यांनी ते सोडले नाही.

६ ऑगस्ट १९४० रोजी ते पश्चिम युक्रेनमध्ये बियाणे गोळा करीत असताना सरकारी मोटार आली आणि त्यांना घेऊन गेली. सहकाऱ्यांना त्यांची पिशवी तेवढी मिळाली. ती उघडून पाहिली तेव्हा आत अर्धरानटी गव्हाच्या एका जुन्या जातीची जुडी होती. त्या दिवसाचा तो शेवटचा नमुना. कार्पेचेन्को, लेवित्स्की, गोवोरोव्ह हे त्यांचे सहकारीही नंतर पकडले गेले व त्यांपैकी एकही जिवंत सुटला नाही. शेतीचा घातपात व हेरगिरी असे आरोप वाव्हिलोव्हांवर ठेवण्यात आले आणि ९ जुलै १९४१ रोजी त्यांना देहान्ताची शिक्षा सुनावण्यात आली.

त्याच सुमारास जर्मन सैन्य रशियात घुसले होते. ८ सप्टेंबर १९४१ पासून लेनिनग्राडला वेढा पडला, तो १९४४ सालच्या जानेवारीत उठला. पहिल्या हिवाळ्यात सामान्य नागरिकाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, आणि त्यातही भुसा असे. सेंट आयझॅक चौकातील इमारतीत त्या वेळी गहू, मका, भात, वाटाणे, शेंगदाणे यांच्या अक्षरशः लक्षावधी बिया होत्या. खिडक्या फुटलेल्या, सर्पण संपलेले, उंदरांचा सुळसुळाट. कर्मचाऱ्यांनी पाळ्या लावून पेट्यांची राखण केली, बटाट्याचे कंद गोठू नयेत म्हणून तळघरात हाताला लागेल ते जाळले, आणि बियांना हात लावला नाही. निदान नऊ जण तेथे उपासमारीने मेले. शेंगदाण्यांचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन आपल्या टेबलापाशीच गतप्राण झाले. भाताचा संग्रह दिमित्री इव्हानोव्ह यांच्याकडे होता. ते वारले तेव्हा त्यांच्या खोलीत भाताच्या हजारो पुड्या जशाच्या तशा होत्या.

ज्यांनी हा संग्रह उभा केला ते त्या वेळी साराटोव्हच्या तुरुंगात होते. जेथे ते एकेकाळी प्राध्यापक होते, तेच हे शहर. जमिनीखालच्या एका अरुंद कोठडीत दोन सोबत्यांसह त्यांना ठेवले होते. मन मोडू नये म्हणून हे कैदी एकमेकांना व्याख्याने देत. वाव्हिलोव्ह आनुवंशशास्त्र आणि शेती यांविषयी बोलत. जगातील शेतीच्या इतिहासावर त्यांनी मॉस्कोच्या तुरुंगात एक ग्रंथ लिहिला होता. तो नष्ट झाला. त्यांच्या पत्नी येलेना बारुलिना, ज्या स्वतः मसुरीच्या अभ्यासक होत्या, मुलाला घेऊन युद्धकाळात साराटोव्हलाच येऊन राहिल्या होत्या. पती मॉस्कोच्या तुरुंगात आहेत अशी त्यांची समजूत. एकाच गावात दोघे होती, आणि त्यांना ते कळले नाही.

१९४२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने वाव्हिलोव्ह यांना परदेशी सभासद निवडले आणि त्याच वर्षी त्यांची देहान्ताची शिक्षा बदलून वीस वर्षांच्या कारावासाची करण्यात आली. पण शरीर खंगून गेले होते. २६ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, ते उपासमारीने वारले. साराटोव्हच्या स्मशानभूमीत इतर कैद्यांसमवेत त्यांना पुरण्यात आले. नेमकी जागा कोणालाच माहीत नाही.

१९५५ साली सोव्हिएत न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. १९६७ साली त्यांच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. ती आजही त्याच चौकात आहे. संग्रहात तीन लाखांहून अधिक नमुने आहेत. बी डब्यात ठेवले म्हणजे टिकले असे होत नाही. त्याची उगवणशक्ती वर्षागणिक कमी होत जाते, म्हणून प्रत्येक नमुना अधूनमधून पेरून त्याचे ताजे बी धरावे लागते.

अशा भांडारांतून भाताला काय मिळाले, याची दोन उदाहरणे आपल्या काळातली आहेत. झारखंडातील हजारीबागच्या संशोधनकेंद्राने फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेच्या सहकार्याने सहभागी धान हे वाण तयार केले आणि २०१० साली ते पाऊस हुलकावणी देणाऱ्या प्रदेशांतील शेतकऱ्यांच्या हाती आले. २०१३ साली जपानी संशोधकांनी भाताच्या मुळांना खाली, खोलवर वळविणारा एक जनुक निश्चित केल्याचे जाहीर केले. आशियात दूरवर पसरलेल्या, पण उथळ मुळांच्या आय.आर. ६४ या वाणात त्यांनी तो नेहमीच्या संकरानेच आणला. कडक अवर्षणात मूळ वाणाला दाणा जवळजवळ भरलाच नाही. संकरित रोपांनी पीक दिले. तो जनुक ज्या भातातून घेतला, त्याचे नाव किनांदांग पातोंग. फिलिपीन्समधील कोरडवाहू जमिनीत तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पेरीत आलेले ते एक जुने वाण आहे.